अभ्यासात सही करण्याआधी आणि सहीच्या पलीकडे: आरोग्य संशोधनात रुग्णाचं काम

प्रश्न असा आहे: ‘आईला मधुमेह आहे. नाशिकच्या एका मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात तिला एका अभ्यासात भाग घ्यायला सांगितलं आणि चार पानी कागद हातात दिला. सही करावी का? आणि सही करून रक्त देणं, एवढंच रुग्णाचं काम असतं, की आम्हा घरच्यांना याहून जास्त काही करता येतं?’

सहीचं आधी बघू, कारण कागद हातात आहे.

पहिल्यांदा हा अभ्यास कुठल्या प्रकारचा आहे ते विचारा. शिकवणाऱ्या रुग्णालयात रुग्णासमोर येणारे बरेच अभ्यास पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधाचे असतात. एमडी-एमएस करणाऱ्या प्रत्येकाला प्रबंध करावाच लागतो. त्यात बहुतेक वेळा माहिती विचारतात, केस पेपरवरच्या नोंदी घेतात, फार तर जास्तीची एखादी तपासणी करतात. धोका कमी असतो. दुसरा प्रकार औषधाच्या चाचणीचा. नवं औषध, नवी लस किंवा जुनंच औषध नव्या आजारासाठी वापरून बघायचं असेल, तर त्याला 2019 चे ‘नवीन औषधे व क्लिनिकल ट्रायल नियम’ लागू होतात. त्यात रुग्णाचे हक्क बरेच ठोस आहेत. एथिक्स कमिटीची, म्हणजे रुग्णांचं हित बघून अभ्यास तपासणाऱ्या समितीची, परवानगी दोन्ही प्रकारांना लागते. कागदावर त्या समितीचं नाव आणि संपर्क नसेल, तर सही करू नका.

सही करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारायचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न साधा आहे: ‘आई नाही म्हणाली, तर तिला कुठले उपचार मिळतील?’ उत्तर ‘आत्ता चालू आहेत तेच’ असं असायला हवं, आणि ते अडखळत येता कामा नये. रुग्णांचा एक गैरसमज या प्रश्नानं सुटतो. ‘डॉक्टरसाहेब सांगतात म्हणजे माझ्यासाठी तेच सगळ्यात चांगलं असणार’ असं मनात धरून लोक सही करतात. उपचारात डॉक्टर तुमच्यासाठी औषध निवडतात. चाचणीत कुणाला कुठलं औषध मिळणार हे बहुधा चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरतं, आणि काही चाचण्यांत ते डॉक्टरांनाही कळू दिलेलं नसतं. त्यात फसवणूक नाही. कुठलं औषध खरंच चालतं ते कळायला दुसरा प्रामाणिक मार्ग नाही. पण सही करणाऱ्याला ते नीट कळलेलं असलं पाहिजे.

मग बाकीचं विचारून घ्या. किती वेळा यायचं, कुठल्या वारी, येण्याजाण्याचा खर्च कोण देणार? घेतलेलं रक्त अभ्यास संपल्यावर टाकून देणार की साठवून पुढे दुसऱ्या कामाला वापरणार? रात्री दोनला चक्कर आली तर कुठल्या नंबरवर फोन करायचा? औषधाचा गुण आला आणि अभ्यास संपला, तर पुढे औषध मिळणार का? अभ्यासापुरतं लागणारं औषध आणि तपासण्या यांचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. कुणी ‘अभ्यासाची फी’ मागितली, तर तिथून उठा. कागद घरी नेऊन चार जणांना दाखवायची मुभा मागा आणि सही केलीत तर सही केलेली प्रत तुमच्याकडे ठेवा. ती मिळणं हा तुमचा हक्क आहे.

औषध चाचणीच्या संमतीपत्रात शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि नामनिर्देशित व्यक्तीचं नाव असे रकाने असतात. शेवटच्या रकान्यापाशी माणसं हमखास घाबरतात. ‘वारसाचं नाव कशाला? मी मरणार आहे का?’ हा रकाना रुग्णाच्या बाजूचा आहे. चाचणीमुळे इजा झाली तर वैद्यकीय उपचार मोफत द्यावे लागतात, आणि चाचणीमुळे मृत्यू ओढवला तर कुटुंबाला भरपाई द्यावी लागते. भरपाईच्या सूत्रात मूळ रक्कम 8 लाख रुपये धरली आहे. वय आणि आजाराचा मूळचा धोका बघून ती कमीजास्त होते. पैसे कुणाला द्यायचे ते आधीच नोंदलेलं असावं, म्हणून तो रकाना. समजावून सांगणाऱ्यानं हे दोन वाक्यांत सांगितलं की भीती जाते. दुर्दैवानं पुष्कळ ठिकाणी हीच दोन वाक्यं सांगायची राहतात.

अभ्यास खरा आहे का, हे घरबसल्या तपासता येतं. सीटीआरआय ही देशातल्या क्लिनिकल ट्रायलची नोंदवही 20 जुलै 2007 पासून सर्वांसाठी मोफत खुली आहे. औषध चाचण्यांची नोंद 15 जून 2009 पासून बंधनकारक झाली, आणि 1 एप्रिल 2018 पासून पहिला रुग्ण घेण्याच्या आधी झालेलीच नोंद स्वीकारली जाते. माहितीपत्रकावर सीटीआरआय क्रमांक असेल, तर त्यातले तिरप्या रेघांनी तोडलेले पहिले दोन आकडे नोंदणीचं वर्ष आणि महिना सांगतात. संकेतस्थळावर तो क्रमांक टाकलात की कोण रुग्ण चालतील आणि कोण नाही, किती जण घ्यायचे आहेत, कुठल्या रुग्णालयांत काम चालू आहे, एथिक्स कमिटीची मंजुरी आहे की नाही, हे सगळं दिसतं. नाशिकमधले चालू अभ्यास शोधायचे असतील तर शहराचं इंग्रजी स्पेलिंग दोन्ही तऱ्हांनी टाकून बघा, मध्ये ‘एच’ घालून आणि न घालता. काही नोंदी जुन्या स्पेलिंगनं आहेत. एकाच तऱ्हेनं शोधलंत तर त्या हातून सुटतील. विद्यार्थ्यांचे प्रबंधही तिथे बरेच सापडतात.

भाग घ्यायचा ठरला, तर पथ्यं मोजकी पण काटेकोर आहेत. गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या फेकू नका, त्या मोजल्या जातात. चार गोळ्या चुकल्या असतील तर चुकल्या म्हणून सांगा. रागावतील म्हणून गोळ्या कचऱ्यात टाकून रिकामी पट्टी नेली, तर न घेतलेलं औषध घेतलं म्हणून नोंदलं जातं आणि चांगलं औषधही निकामी ठरू शकतं. दुसरीकडचा काढा, मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी, नातेवाइकानं दिलेलं चूर्ण, सगळं सांगा. यातल्या कशानं साखर खाली आली, तर श्रेय चाचणीच्या औषधाला जातं, आणि आईच्या जिवालाही त्यात धोका असतो. मध्येच सोडावंसं वाटलं तर कारण न देता सोडता येतं. फक्त औषध आपल्या मनानं एकदम बंद करू नका. डॉक्टरांना सांगून, शेवटची तपासणी करून घेऊन बाहेर पडा.

आता तुमचा दुसरा प्रश्न. तो मला पहिल्यापेक्षा मोठा वाटतो.

संशोधकाला आजार माहीत असतो. त्या आजारासोबत जगणाऱ्या माणसाचा दिवस त्याला माहीत नसतो, आणि बरेच अभ्यास आजारामुळे नाही तर या दिवसामुळे फसतात. नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा किंवा पेठ तालुक्यात सहा महिन्यांचा अभ्यास आखला आणि तो सप्टेंबरात सुरू केला, असं समजा. ऑक्टोबरात द्राक्षाची गोडी छाटणी सुरू होते. भात-नागलीचं काम आटोपलं की पाड्यांवरची जोडपी दिंडोरी-निफाडच्या बागांवर निघतात. मग विरळणी, डिपिंग (घड औषधाच्या पाण्यात बुडवणं), पुढे काढणी. फॉलोअपला गेलेली टीम कुलपं बघून परत येते. शेवटी हिशेबाला 100 माणसं हवी असतील आणि 20 टक्के गळणार असतील, तर सुरुवातीला 125 घ्यावी लागतात. गळती निम्मी झाली तर 200. पण आकडा वाढवून खरं नुकसान भरून निघत नाही, कारण गावात म्हातारी माणसं आणि ज्यांच्याकडे थोडं बागायत आहे ते उरतात. सगळ्यात गरीब घरं अभ्यासातून गळतात आणि निष्कर्ष सगळ्या तालुक्याचा म्हणून छापला जातो. ही चूक टाळायला पदवी लागत नाही. आराखडा बनवताना पाड्यावरची दोन माणसं समोर बसवली असती, तर त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं असतं की दिवाळीनंतर येऊ नका, होळीला या, तेव्हा सगळे गावी असतात.

निफाडकडेही हेच. फवारणीचा शरीरावर काय परिणाम होतो हे शोधायचं, आणि माणसांची यादी सातबारावरून काढली. सातबारावर मालकाचं नाव असतं. ब्लोअर (ट्रॅक्टरवरचं फवारणी यंत्र) चालवणारा वेगळा, पंप पाठीवर घेणारा वेगळा, आणि फवारलेल्या घडांत दिवसभर हात घालून विरळणी करणाऱ्या बाया तर कुठल्याच यादीत नाहीत. प्रश्नावलीत ‘तुम्ही फवारणी करता का?’ एवढंच असेल तर त्या बाया खरं बोलून ‘नाही’ म्हणतील, आणि संपर्क नाही अशा रकान्यात जाऊन बसतील. यादी चुकली की पुढचं सगळं गणित बरोबर येऊनही उत्तर चुकतं.

म्हणून रुग्णानं आणि सामान्य माणसानं शिरायची पहिली जागा म्हणजे अभ्यासाचा प्रश्न ठरतानाची. इंग्लंडमध्ये 2004 पासून जेम्स लिंड अलायन्स नावाचं व्यासपीठ रुग्ण, काळजी घेणारे नातेवाईक आणि डॉक्टर यांना एकत्र बसवून एकेका आजारातले पहिले 10 अनुत्तरित प्रश्न ठरवतं. हे आपल्याकडे लहान प्रमाणात सहज करता येईल. मधुमेहाच्या 20–25 रुग्णांना एकच विचारा: ‘या आजाराबद्दल तुम्हाला काय जाणून घ्यायचं आहे, ज्याचं उत्तर कुणी दिलं नाही?’ जे येईल ते त्यांच्याच शब्दांत चिठ्ठ्यांवर लिहा. ज्यांची उत्तरं आधीच माहीत आहेत त्या चिठ्ठ्या बाजूला काढा आणि त्यांची उत्तरं तिथेच देऊन टाका. उरलेल्या सारख्या प्रश्नांचे ढीग करा. मग प्रत्येकाला हरभऱ्याचे 5 दाणे द्या आणि ज्या ढिगावर ठेवायचे तिथे ठेवायला सांगा. लिहिता-वाचता न येणाराही यात मागे पडत नाही, फक्त प्रत्येक ढीग एकदा मोठ्यानं वाचून दाखवावा लागतो. निघालेले पाच प्रश्न महाविद्यालयाच्या कम्युनिटी मेडिसिन विभागाच्या प्रमुखांना लेखी द्या. वेळ साधायची ती नवे पदव्युत्तर विद्यार्थी प्रवेश घेतात तेव्हाची, कारण प्रबंधाचे विषय पहिल्या वर्षातच ठरतात. सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, मंजूर झाल्यावर गेलात, तर ऐकून घेतील, पण बदलता काही येणार नाही. राज्यभरातल्या आरोग्य अभ्यासक्रमांचं विद्यापीठ, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिकमध्येच म्हसरूळला आहे. इथल्या रुग्ण गटांनी ही प्रथा पाडली तर ती इतर जिल्ह्यांत लवकर पोचेल, असं मला मनापासून वाटतं.

शिरायची दुसरी जागा माहितीपत्रकाची, आणि इथे तर तुमच्या आईसारखा वाचक तज्ज्ञापेक्षा सरस ठरतो. माहितीपत्रकं बहुधा इंग्रजीतून भाषांतरित होतात. एखादं वाक्य असं दिसतं: ‘सहभागींचे यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत वर्गीकरण करण्यात येईल व नियमित अंतराने 10 मिली रक्ताचे नमुने संकलित करण्यात येतील.’ व्याकरण बिनचूक आहे, आणि ओपीडीच्या बाकावर बसलेल्या माणसाला त्यातून काही कळत नाही. ते असं हवं: ‘तुम्हाला दोनपैकी कुठलं औषध मिळेल हे तुम्हीही ठरवणार नाही आणि डॉक्टरही नाही. नाणं उडवल्यासारखं ते संगणक ठरवेल. दर महिन्याला हाताच्या शिरेतून 10 मिली रक्त घेऊ, म्हणजे चहाचे दोन चमचे. असं 6 वेळा.’

वाचून देताना शुद्धलेखन तपासू नका, ते काम दुसरं कुणी करेल. पेन्सिल घ्या, जिथे दुसऱ्यांदा वाचावं लागलं तिथे खूण करा, जिथे भीती वाटली तिथे वेगळी खूण करा. मग कागद उलटा ठेवून जे समजलं ते आपल्या शब्दांत कुणाला तरी सांगा. सांगताना जे सुटलं ते पत्रकात नीट लिहिलेलं नाही, असं समजायला हरकत नाही. प्रश्नावली असेल तर शब्दांवर कान ठेवा. ‘ताप होता का?’ याला आपल्याकडे माणूस सरळ ‘नाही’ म्हणतो आणि लगेच पुढे जोडतो, ‘जरा कणकण होती.’ कणकण आणि कसकस वेगळी विचारली नाही, तर निम्मे ताप नोंदीतून जातील. ‘गेल्या 30 दिवसांत’ यापेक्षा ‘गेल्या चार आठवडे-बाजारांत’ म्हटलं की गावात आठवण नीट लागते. मालेगावात उर्दूतलं पत्रक लागेल. सुरगाण्याकडे कोकणा ही आदिवासी बोली बोलणाऱ्या माणसानं आजाराचे शब्द तपासून द्यायला हवेत. नुसतं मराठी पत्रक दिलं की काम झालं, असं तिथे होत नाही.

असं काम एकट्यादुकट्यानं करण्यापेक्षा 6 ते 8 जणांच्या गटानं करावं. संपूर्ण सभेत एकच रुग्ण बसवला तर तो माना हलवून घरी जातो. कागद आठ दिवस आधी द्यावेत, बैठक दीड तासात संपवावी, जागा रुग्णालयाबाहेरची घ्यावी. वाचनालयाची खोली, अंगणवाडी, ग्रामपंचायतीचं सभागृह, काहीही चालेल. ज्या डॉक्टरकडे त्या रुग्णांचे उपचार चालू आहेत, ते खोलीत नसावेत. असले तर कुणी तोंड उघडत नाही. बायकांच्या आजाराचा विषय असेल तर सरपंच आणि घरची पुरुषमंडळीही नकोत. आशाताईंना बोलवा, पण त्यांना रुग्ण गोळा करायचं साधन करू नका. आशाताईंना ‘नाही’ म्हणणं गावातल्या बाईला जड जातं, आणि मग संमती नावापुरती उरते. मजुरी बुडवून आलेल्याला बुडालेली मजुरी आणि एसटीचं भाडं त्याच दिवशी रोख द्यावं; हे बजेटमध्ये पहिल्यापासून धरलं नाही, तर बैठकीला फक्त पेन्शनर येतात. पंधरा दिवसांत संशोधकानं गटाला दोन रकान्यांचा कागद पाठवावा: तुम्ही काय म्हणालात, आम्ही काय बदललं किंवा का बदललं नाही. हा कागद न पाठवणाऱ्याच्या दुसऱ्या बैठकीला माणसं येत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

सामान्य माणूस माहितीही गोळा करू शकतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं नवजात बाळांची काळजी घरीच घेण्याचा जो अभ्यास केला, त्यात गावातल्याच बायांना शिकवून तयार केलं होतं. 39 गावांत ही काळजी दिली, 47 गावांशी तुलना केली. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले: नवजात मृत्यूदर 62 टक्क्यांनी खाली आला होता. बाळाचं वजन, श्वास, ताप यांच्या नोंदी त्या बायांच्या होत्या.

थोडी जास्त जबाबदारी घ्यायची तयारी असेल तर एथिक्स कमिटीचं सदस्यत्व आहे. समितीत किमान 7 सदस्य लागतात आणि त्यात एक सामान्य नागरिक असावाच लागतो. औषध चाचणीचे कागद तपासायच्या बैठकीत किमान 5 जण हजर हवेत आणि त्या पाचांत हा नागरिक असावा लागतो. तो नसेल तर कोरम होत नाही. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तो साक्षर असावा, गेल्या 5 वर्षांत वैद्यकीय पेशात नसावा, आणि त्याला इथली भाषा आणि रीतभात माहीत असावी. शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेली व्यक्ती, बचत गट चालवणारी बाई, कुणीही चालेल. समितीच्या सदस्य सचिवांना एका पानाचं पत्र आणि आपला परिचय द्या. प्रशिक्षण मिळतं, गोपनीयतेच्या कागदावर सही करावी लागते. बैठकीत औषधाच्या रसायनावर बोलायची गरज नाही. ‘हे पत्रक मला समजलं नाही’ हे एक वाक्य बोलायची हिंमत लागते, कारण ते बोलायलाच तुम्हाला तिथे बसवलं आहे.

आश्रमशाळांबद्दल वेगळं सांगायलाच हवं, कारण आपल्या जिल्ह्यात त्या पुष्कळ आहेत. 2009–10 मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या (आता तेलंगणातल्या) खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा इथे मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प झाला. एप्रिल 2010 मध्ये तो थांबवावा लागला. 2013 च्या संसदीय समितीच्या अहवालानुसार आंध्रातल्या 9,543 संमतीपत्रांपैकी 2,763 वर वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. लस स्वतः चांगली आहे, जगभर दिली जाते. चूक संमतीत होती. 18 वर्षांखालच्या मुलासाठी सही आईवडिलांची लागते, मुख्याध्यापकाची किंवा अधीक्षकाची चालत नाही. 7 वर्षांच्या पुढच्या मुलाचं स्वतःचं ‘हो’ही विचारायचं असतं, 12 च्या पुढे ते लेखी घ्यायचं असतं. पालक मजुरीला बाहेर असतील तर ते येईपर्यंत थांबायचं. ग्रामपंचायतीचा ठराव झाला तरी घराघरातल्या माणसाची संमती वेगळी घ्यावीच लागते. सिकलसेल या रक्ताच्या आजारासारख्या तपासणीतून रक्त पुढे संशोधनाला वापरणार असतील, तर तपासणीची संमती आणि संशोधनाची संमती वेगवेगळी मागा.

कुठल्याही अभ्यासात नाव नसतानाही एक काम आजपासून करता येतं. औषधाचा त्रास झाला, अंगावर पुरळ आलं, चक्कर आली, तर भारतीय औषध दक्षता कार्यक्रमाच्या 1800-180-3024 या मोफत क्रमांकावर रुग्ण स्वतः कळवू शकतो. मराठी फॉर्मही आहे. औषधाचं नाव, काय झालं, कुणाला झालं आणि कळवणारा कोण, एवढं पुरतं. गोळीची पट्टी जपून ठेवा, बॅच नंबर त्यावर असतो.

आणि आईच्या कागदाकडे परत येऊन शेवटचं. सही करताना विचारा, ‘निष्कर्ष आम्हाला कसे कळवाल?’ उत्तर ‘जर्नलमध्ये छापू’ असेल, तर एक पानी मराठी सारांश व्हॉट्सअपवर मागा आणि आपला नंबर लिहून द्या. अभ्यास गावात झाला असेल, तर ग्रामपंचायतीला सांगून 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत अर्धा तास मागून घ्या. त्या दिवसांत भाताची आवणी उरकलेली असते आणि बागांवर गेलेली माणसं गावात असतात.